हजेरीपट, शिक्षक आणि हिशेब : लोणावळ्याच्या कैवल्यधामाची घडण

कैवल्यधाम या लोणावळ्याच्या योगसंस्थेच्या विभागांची नावे ओळीने वाचली तर संस्थेचा जमाखर्चच वाचल्यासारखे होते. सुरुवातीच्या काळातल्या रोगनिदान प्रयोगशाळेला पोरबंदरच्या राणा नटवरसिंहजींचे नाव होते. महाविद्यालय गोरधनदास सेक्सरियांच्या नावाचे, रुग्णालय श्रीमती अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यांच्या नावाचे आणि मुंबईच्या चौपाटीजवळचे आरोग्यकेंद्र ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाचे. संस्थेच्या नोंदलेल्या नावात मात्र 'श्रीमन् माधव' आहेत. हे माधव म्हणजे संस्थापकांचे गुरू, नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदासजी. त्यांच्याजवळ द्यायला पैसा नव्हता, विद्या होती.

अशा संस्थेचा इतिहास लिहायला बसले की तो संस्थापकाचे चरित्र होऊन जातो. संस्थापक स्वामी कुवलयानंदांचे व्यक्तिमत्त्वही तसे दिपवणारे होते. पण शरीराला वळण लावणारी कोणतीही जागा, मग ती गावातली तालीम असो, महाविद्यालयाचा व्हॉलीबॉलचा संघ असो की योगाची प्रयोगशाळा, तीन गोष्टींवर उभी राहते. शिकायला कोण आले, शिकवायला कोण उभे राहिले आणि त्यांच्या भाकरीची सोय कोणी केली. संस्थेच्या शताब्दीच्या निमित्ताने मला या तीन अंगांनीच लिहायचे आहे. माझ्या मते कैवल्यधामाने देशाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट प्रयोगशाळा नव्हे. ती गोष्ट म्हणजे शिकवून तयार केलेला शिक्षक.

संस्थापकाचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदे संस्थानातल्या डभईचा. घरची परिस्थिती बेताची. १९०३ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि बडोदे कॉलेजचा रस्ता मोकळा झाला. नाना शंकरशेटांच्या नावाच्या निधीतून शिकलेल्या मुलाने पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी निधी गोळा केला, हा योगायोग नोंदवून ठेवावासा वाटतो. बडोद्यात १९०७ ते १९१० ही वर्षे त्यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रा. माणिकरावांच्या हाताखाली काढली. माणिकरावांनी आखाड्यातली विद्या मैदानात आणली. एकेका पठ्ठ्याला घडवण्याऐवजी रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना एका वेळी कसे शिकवायचे, देशी भाषेतल्या हुकुमांवर कवायत कशी घ्यायची, याची पद्धत त्यांनी बसवली. लाठी, मल्लखांब, जोर-बैठका ही सगळी सामग्री जुनीच होती, नवी होती ती शिकवण्याची रीत. कुवलयानंदांच्या पुढच्या कामाचे मूळ माझ्या मते माधवदासांच्या झोपडीइतकेच या व्यायाममंदिराच्या तांबड्या मातीत आहे.

त्यानंतर अंमळनेर. खानदेश एज्युकेशन सोसायटीत ते शिक्षक झाले आणि १९२१ पासून तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. असहकाराच्या वाऱ्यात उभी राहिलेली ती संस्था सरकारच्या डोळ्यांत खुपली आणि १९२३ मध्ये बंद झाली. मावळातल्या वाचकाला ही कथा नवी नाही. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय तळेगाव दाभाड्यात राष्ट्रीय शिक्षण देत होते, ते सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. त्याच तळेगावात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. माणशी एक पैसा मागून गोळा केलेल्या रकमेवर कारखाना चालू शकतो, हे मावळाने तेव्हाच पाहिले होते. राष्ट्रीय बाण्याची संस्था सरकारी मर्जीवर किंवा नुसत्या उत्साहावर टिकत नाही, हा धडा त्या पिढीने चांगलाच गिरवला. अंमळनेरचे महाविद्यालय बंद झाल्यावर वर्षभराने गुण्यांनी जी संस्था काढली तिच्यात राजकारण कुठेच दिसत नव्हते. दिसत होती ती प्रयोगशाळा आणि आश्रम.

माधवदासजींची गाठ १९१९ साली पडली होती. त्यांच्याकडून यौगिक क्रिया शिकताना गुण्यांना पडलेला प्रश्न भक्ताचा नव्हता, व्यायामशिक्षकाचा होता: या क्रियेने शरीराच्या आत नेमके काय घडते? १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात आपल्या विद्यार्थ्यांवर क्ष-किरणांच्या आणि दाबमापकाच्या साहाय्याने तपासण्या केल्या.

त्यांतला एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. नौली ही पोटाची क्रिया. श्वास पूर्ण सोडायचा, पोट आत ओढून घ्यायचे आणि मग पोटाचे मधले दोन उभे स्नायू तेवढे पुढे काढायचे. हठयोगी पाण्यात बसून ही क्रिया करतात आणि मोठ्या आतड्यात पाणी आपोआप चढते, असे ग्रंथ सांगतात. हे पाणी का चढते? आतडे उलट दिशेने हालचाल करते म्हणून, हा एक तर्क होता. गुण्यांनी नळी आणि पाऱ्याचा दाबमापक जोडून पाहिले. स्नायू पुढे येताच आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरला. पाणी चढत नव्हते, ते आत ओढले जात होते. या पोकळीला त्यांनी गुरूचे नाव दिले, 'माधवदास व्हॅक्यूम'. दवाखान्यातला तो विद्यार्थी कोण होता, त्याने किती महिने सराव केला होता, नळी लावून घेताना त्याला संकोच वाटला असेल का, हे आपण विचारत नाही. पण शिकलेले, तयार झालेले, शब्दाला जागणारे शरीर समोर नसते तर पारा जागचा हलला नसता. संस्थेच्या पहिल्या हजेरीपटावर हीच मुले होती.

१९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झाले. पत्ता होता 'कुंजवन, लोणावळा'. घाटातली रेल्वे १८६३ पासून होती, त्यामुळे मुंबई आणि पुणे दोन्ही हाताशी. वळवणचे धरण जवळच. मावळातला पाऊस मात्र हाताशी धरण्यासारखा नाही. जूनला सुरू झाला की मैदानांचा चिखल होतो आणि दसऱ्यापर्यंत चेंडू कोरडा राहत नाही. शाळा-महाविद्यालयाच्या खेळाच्या सरांना विचारा, मावळात संघाचा सराव बसवायचा म्हणजे आधी पावसाशी वेळापत्रक जुळवावे लागते. ओसरीत सतरंजी टाकून करता येईल असा व्यायाम इथे रुजावा यात मला तरी औचित्य दिसते.

संस्थेबरोबरच 'योग मीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. एका भागात शास्त्रीय प्रयोग, कोष्टकांसह. दुसऱ्यात अर्धशास्त्रीय विवेचन. तिसऱ्यात सामान्य वाचकासाठी आसनांची कृती आणि छायाचित्रे. डॉक्टरांनी पहिला भाग वाचावा, शिक्षकांनी दुसरा आणि घरी सराव करणाऱ्याने तिसरा. देणगीदाराला सांगण्यासारखे काहीतरी हवे असते. 'तुमच्या पैशातून आम्ही इतक्या जणांचा रक्तदाब सर्वांगासनात मोजला, हे पाहा आकडे' असे छापील उत्तर देणारा आश्रम त्या काळात विरळा होता. पण नियतकालिक चालवणे हा पांढरा हत्ती. त्रैमासिक म्हणून निघालेल्या या पत्राचे खंड पुढे रेंगाळत निघाले, मध्ये दीर्घ काळ ते थांबले आणि १९५६ च्या सुमारास पुन्हा सुरू झाले. अंकांच्या तारखा लावून पाहिल्या तर संस्थेची ओढाताण कुठल्याही अहवालापेक्षा स्पष्ट दिसते.

त्या काळी देशात शारीरिक शिक्षणाचे दोन प्रवाह होते. एक आखाड्याचा. दुसरा वायएमसीएचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली व्हॉलीबॉल शोधला, तो बास्केटबॉलची दमछाक न झेपणाऱ्या प्रौढ गृहस्थांसाठी. त्याच वायएमसीएच्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि तिथून शिकून निघालेल्या शिक्षकांबरोबर हे खेळ शाळाशाळांत पोचले. व्हॉलीबॉल त्यांतला स्वस्त खेळ. अठरा मीटर बाय नऊ मीटर जागा, दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि दोन्हीकडे सहा-सहा गडी. मावळातल्या खेड्यांत भात कापून झाल्यावर मोकळ्या खाचरात जाळी बांधून तो खेळता येतो. तरीही खांब, जाळी, चेंडू आणि शिकवणारा, यांसाठी कोणीतरी खिशात हात घालावाच लागतो.

लोणावळ्याला या प्रवाहाचा आणखी एक धागा जोडलेला आहे. वळवणचे धरण ज्या टाटा जलविद्युत योजनेचा भाग, ती पुरी करणारे दोराबजी टाटा. त्याच दोराबजींनी डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धेत अनवाणी धावणारी मुले पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठवण्यासाठी पुढाकार घेतला. खेळाला उद्योगपतीचा आश्रय मिळाला तो असा. योगाला तसा आश्रय मिळवून देणे हे कुवलयानंदांपुढचे काम होते, आणि ते अधिक अवघड होते. संघ जिंकला तर चषक दिसतो. निरोगी झालेले पोट मिरवणुकीत नेता येत नाही.

हा आश्रय आधी संस्थानिकांकडून आला. पोरबंदरचे राणा नटवरसिंहजी म्हणजे १९३२ साली इंग्लंडला गेलेल्या हिंदी क्रिकेट संघाचे कर्णधार. पहिल्याच कसोटीत, लॉर्ड्सवर, त्यांनी स्वतः बाजूला राहून नेतृत्व सी. के. नायडूंना दिले. आपल्यापेक्षा चांगला खेळाडू संघात आहे हे ओळखून जागा सोडणे सोपे नसते, संस्थानिकाला तर नाहीच. त्यांच्या नावाची प्रयोगशाळा लोणावळ्यात उभी राहिली, याचा मला म्हणूनच विशेष आनंद वाटतो. देणगीदार असावा तर असा, नाव देणारा आणि खेळ खेळणाऱ्यावर सोडणारा.

आता शिकायला आलेल्यांकडे. मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापुरात गांधीजींची प्रकृती बिघडली आणि नंदी हिल्सवर त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या काळात आसनांविषयी त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालला. मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरू लोणावळ्याला येऊन गेले. अशा नावांनी संस्थेचे वजन वाढते हे खरे. पण माझ्या लेखी महत्त्वाचा विद्यार्थी वेगळाच. येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारा कोवूर बेहानन हा केरळी तरुण १९३२-३३ च्या सुमारास इथे येऊन राहिला. नुसते पाहून तो परत गेला नाही. त्याने प्राणायाम शिकला, नियमाने केला आणि मग स्वतःच्याच शरीरावर मोजमाप घेतले. १९३७ मध्ये त्याचा योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधी विद्यार्थी व्हायचे आणि मग परीक्षक, ही लोणावळ्याची शिस्त त्याने पाळली. पुढे १९५७ साली वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले संशोधक आपली यंत्रे घेऊन भारतात आले तेव्हा त्यांच्या वाटेवर कैवल्यधाम होतेच.

मात्र दोन-चार संशोधकांनी संस्था चालत नाही आणि तिचा उपयोगही गावाला होत नाही. इथे कुवलयानंदांमधला माणिकरावांचा शिष्य जागा झाला. 'यौगिक संघ व्यायाम' हे त्यांचे १९३६ चे पुस्तक. आसने ही एकट्याने, एकांतात, गुरूच्या नजरेखाली करायची असा संकेत. तीच आसने रांगेत उभ्या असलेल्या मुलांना हुकुमावर, आकड्यांवर, एका लयीत कशी द्यायची? सगळीच आसने वर्गाला देता येत नाहीत. कोणती टाळायची, कोणती कोणत्या वयाला, एकातून दुसऱ्यात जाताना मुले एकमेकांवर आदळू नयेत म्हणून अंतर किती, हा सगळा विचार शिक्षकाचा असतो. हा व्यायाम संयुक्त प्रांतातल्या शाळांपर्यंत गेला. त्याला ना खांब लागत होता ना जाळी. लागत होता फक्त नीट शिकलेला शिक्षक. नीट न शिकलेला शिक्षक व्हॉलीबॉलमध्ये फार तर सामना घालवतो. शीर्षासनात तो मुलाची मान घालवू शकतो. म्हणून खर्चाचा सगळा भार साहित्यावरून शिक्षकाच्या तयारीवर गेला. स्वस्त व्यायाम म्हणजे स्वस्त शिक्षक नव्हे, हे कुवलयानंद जाणून होते. दुर्दैवाने त्यांच्यानंतरच्या अनेक शिक्षणाधिकाऱ्यांना हे उमगले नाही.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली. अध्यक्ष स्वामी कुवलयानंद. ज्याचे महाविद्यालय चौदा वर्षांपूर्वी बंद झाले होते तो आता सरकारला शाळांचा व्यायाम शिकवत होता. लगोलग १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था उघडली. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक अशा तिन्ही भाषांच्या मुलखातले शिक्षक तिथे जाऊ लागले. गावोगावी 'पीटीचे सर' म्हणून जी माणसे पुढे ओळखली गेली, ज्यांनी सकाळी लेझीम, दुपारी हुतुतू आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल घेतला, त्यांतल्या कित्येकांची तयारी कांदिवलीतली. या कामाचा उल्लेख योगाच्या इतिहासात एका ओळीत उरकला जातो आणि खेळाच्या इतिहासात होतच नाही. मला हे अन्यायाचे वाटते. आज तालुका पातळीवरच्या सामन्यात शिट्टी फुंकणारा क्रीडाशिक्षक आणि लोणावळ्याचा संन्यासी यांच्यामध्ये एक सरळ रेघ आहे, आणि ती कांदिवलीतून जाते.

दरम्यान मुंबईत १९३२ साली शाखा निघाली होती, आधी सांताक्रूझला आणि १९३६ पासून चौपाटीजवळ, ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्यकेंद्र या नावाने. घाटावरच्या संस्थेने समुद्रकाठी दार उघडले ते शहाणपणाचे होते. ज्यांना पाठदुखी आणि अपचन होते ती माणसे मुंबईत होती आणि ज्यांच्याजवळ पैसा होता तीही मुंबईतच. बरा झालेला रुग्ण हा संस्थेचा सर्वांत खात्रीचा देणगीदार, हे गणित त्या पिढीतल्या संस्थाचालकांना ठाऊक होते.

त्याच मुंबईत माधवदासजींचे दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून काम करत होती. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी दोन संस्था काढल्या आणि दोन्हींनी शताब्दी पाहिली, ही महाराष्ट्राच्या भूमीची पुण्याई म्हणावी.

१९४४ मध्ये कैवल्यधाम श्रीमन् माधव योगमंदिर समितीची रीतसर नोंदणी झाली. तोवर एका माणसाच्या शब्दावर चाललेले काम आता विश्वस्त, घटना आणि वार्षिक हिशेब यांच्या चौकटीत आले. अनेक आश्रम या टप्प्यावर अडखळतात. संस्थापक हयात असताना त्याचे अधिकार कागदावर वाटून देणे मनाला जड जाते. कुवलयानंदांनी ते साठी ओलांडल्यावर, पण हातपाय धड असताना केले, म्हणून त्यांच्यामागे संस्था पोरकी झाली नाही.

१९५० च्या सुमारास गोरधनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय सुरू झाले. सेक्सरिया हे मुंबईच्या व्यापारी जगातले मारवाडी घराणे. नाव मोठे, महाविद्यालय लहान. ते लहानच राहावे अशी योजना होती, असे मला तिथली शिकवण्याची पद्धत पाहून वाटते. योगाचा वर्ग शंभराचा झाला की शिक्षकाला कुणाचा श्वास अडला आणि कुणी दमून हात टेकला हे दिसत नाही. इथे विद्यार्थी राहायला असतो, सकाळी शुद्धिक्रिया करतो, दिवसा शरीरशास्त्र आणि पतंजली शिकतो आणि परीक्षेत इतरांना शिकवूनही दाखवतो. स्वतःला येणे आणि दुसऱ्याला शिकवता येणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे खेळाच्या प्रत्येक प्रशिक्षकाला पटेल. उत्तम स्मॅश मारणारा गडी उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही.

१९६१ मध्ये योगिक रुग्णालय निघाले. १९६३ मध्ये कुवलयानंद आणि डॉ. एस. एल. विनेकर यांचे योगोपचारावरचे पुस्तक भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयातर्फे प्रसिद्ध झाले. याच सुमारास डॉ. पी. व्ही. करंबेळकर, विनेकर आणि डॉ. एम. व्ही. भोळे यांनी हवाबंद खड्ड्याचे प्रयोग केले. भूमिगत समाधी घेणाऱ्या योग्यांच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जात. लोणावळ्याने त्यांना हात जोडले नाहीत आणि हसण्यावारीही नेल्या नाहीत. हवा आत-बाहेर जाणार नाही असा खड्डा बांधला, माणसे आत बसवली आणि प्राणवायू व कर्बवायू यांचे प्रमाण तासातासाने कसे बदलते ते मोजले. मराठी मनाला चमत्काराची ओढही आहे आणि चिकित्सेची खोडही. या खड्ड्यात दोन्हींचा मान राखला गेला.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले. त्यानंतरची धुरा स्वामी दिगंबरजींनी वाहिली. पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेली 'हठप्रदीपिके'ची संपादित आवृत्ती १९७० साली निघाली आणि डॉ. मनोहर लक्ष्मण घरोटे यांच्यासह 'घेरंडसंहिता' १९७८ साली. हस्तलिखिते जमवायची, पाठभेद लावायचे, श्लोकातली क्रिया करून पाहायची आणि मग अर्थ निश्चित करायचा, हे काम दिसत नाही, त्याला देणगीदार सहसा मिळत नाही, आणि नेमके तेच टिकते. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात हठयोगावर लिहिणाऱ्याला या आवृत्त्या उघडाव्या लागतात. घरोटे यांनी पुढे १९९६ मध्ये लोणावळ्यातच स्वतःची संशोधनसंस्था काढली. इथेच शिकलेल्या विजयेंद्र प्रताप यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला कुवलयानंदांच्या नावाने संस्था उभी केली. ओमप्रकाश तिवारींनी प्राणायामाची परंपरा देशोदेशी नेली. संस्थेतून माणूस बाहेर पडला की आपल्याकडे 'फुटला' म्हणतात. शिक्षक घडवणाऱ्या जागेच्या बाबतीत हा शब्द चुकीचा आहे. तिथून शिक्षक बाहेर पडलाच पाहिजे.

गेल्या काही दशकांत जमेची बाजू पालटली आहे. संस्थानिक गेले, व्यापारी घराण्यांच्या देणग्यांचे स्वरूप बदलले. आता आरोग्यकेंद्रात राहून उपचार घेणारे पाहुणे आणि देशविदेशातून सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला येणारे विद्यार्थी यांच्या शुल्काकडे जमेचा काटा झुकला आहे. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन झाल्यावर मागणी आणखी वाढली. याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. शुल्क देणारा माणूस हिशेब विचारतो आणि संस्थेला जागे ठेवतो. माझी काळजी वेगळी आहे. शुल्क देऊ शकणाऱ्याची गरज आणि मावळातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाची गरज एकच नसते. दुसऱ्याच्या वाट्याचे शिक्षक कोण तयार करणार? १९३७ मध्ये याचे उत्तर सरकार आणि संस्था यांनी मिळून दिले होते.

२०२० च्या डिसेंबरात केंद्र सरकारने योगासनाला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. आता योगासनांचेही संघ निवडले जातात, गुण दिले जातात, पदके वाटली जातात आणि महाराष्ट्राची मुले त्यांत चमकतात. आसनाला गुण द्यावेत हे मला मनापासून रुचत नाही. कुवलयानंदांच्या प्रयोगांत मोजमाप होते, पण ते आतल्या बदलाचे होते, वाकण्याच्या कोनाचे नव्हते. तरीही या मान्यतेमुळे एखाद्या ग्रामीण महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात योगशिक्षकाच्या मानधनाला जागा मिळत असेल, तर तिचे स्वागत करायला हवे. व्हॉलीबॉलच्या संघाबरोबर योगाचाही संघ विद्यापीठाच्या स्पर्धेला निघाला, तर दोघांना एकाच बसने जाता येईल. सर्वांगासन करणाऱ्या गड्याचे खांदे जाळीजवळही कामाला येतातच.

शताब्दीपर्वात, २९ नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू संस्थेच्या परिषदेसाठी लोणावळ्याला आल्या होत्या. परिषदेचा विषय होता शालेय शिक्षणात योगाचा समावेश. शंभराव्या वर्षी संस्थेने हाच विषय निवडला, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

या संस्थेत शिकलेल्या, शिकवलेल्या आणि इथल्या स्वयंपाकघरात, प्रयोगशाळेत, बागेत राबलेल्या सर्वांना माझी एक विनंती आहे. दात्यांची नावे दगडात कोरलेली असतात, विद्यार्थ्यांची नसतात. तुमच्या घरी वर्गाचा जुना गटफोटो असेल तर त्याच्या मागे प्रत्येकाचे नाव, गाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहा. सरावाची वही, शुल्काची पावती, 'योग मीमांसे'चा सुटा अंक, गावच्या शाळेत घेतलेल्या योगवर्गाचा हजेरीपट, यांतले काही सापडले तर रद्दीत घालू नका. मूळ कागद देववत नसेल तर त्याची प्रत काढून संस्थेच्या ग्रंथालयाकडे द्या. पुढचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याची गरज लागणार आहे.